कल्याणवरून जाणारी कादंबरी

मुलांनो, ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ह्या गावांतील माणसांचे आयुष्य आगगाडीशी जणू गाठ मारूनच बांधलेले असते. सकाळी गाडीच्या आवाजाने जाग येते आणि रात्री गाडीच्याच आवाजात झोप लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यास येऊन पोहोचली. ते अंतर सुमारे ३४ किलोमीटरांचे होते. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, हा लोहमार्ग ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणपर्यंत आला. पुढे कल्याणहून त्याला दोन फाटे फुटले. एक बोरघाट चढून पुण्याकडे गेला आणि दुसरा थळघाट चढून नाशिककडे गेला. ही माहिती तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. परंतु आपले हे कल्याण एका जगप्रसिद्ध कादंबरीतही आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

त्या कादंबरीचे इंग्रजी नाव ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’, म्हणजे ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा. तिचा लेखक ज्यूल व्हर्न हा फ्रान्स देशात १८२८ मध्ये जन्मला आणि १९०५ मध्ये निवर्तला. त्याने ही कथा आपल्या फ्रेंच भाषेत लिहिली. १८७२ मध्ये ती प्रथम एका वृत्तपत्रातून क्रमशः छापली गेली आणि १८७३ मध्ये पुस्तकरूपाने बाहेर पडली. त्याच वर्षी तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. ह्या लेखात ज्या शब्दांविषयी मी सांगणार आहे, ते त्या जुन्या इंग्रजी भाषांतरातील आहेत.

कथा थोडक्यात अशी आहे. लंडनमध्ये फिलिअस फॉग नावाचा एक श्रीमंत गृहस्थ राहत असतो. त्याचे सारे व्यवहार घड्याळाच्या काट्यावर चालतात. एके दिवशी तो आपल्या मित्रांशी वीस हजार पौंडांची पैज लावतो, की मी ऐंशी दिवसांत पृथ्वीला फेरी घालून येथे परत येईन. त्याच रात्री तो आपला नोकर पासपार्तू ह्याला बरोबर घेऊन निघतो. वाटेत तो मुंबईस उतरतो आणि कलकत्त्याला जाण्यासाठी आगगाडीत बसतो. ती गाडी साष्टी बेट मागे टाकते, पूल ओलांडते, आणि कल्याणला येते! तेथे पुण्याकडे जाणारा फाटा सोडून देऊन ती सह्याद्रीच्या घाटात शिरते. कादंबरीत कल्याणचे नाव आपण आज लिहितो तसे नाही. परक्या कानांना जसे ऐकू आले, तसे ते लिहिलेले आहे. तरीही ते वाचताना आपल्या ओळखीचे माणूस परगावी अचानक भेटावे, तसा आनंद होतो.

आता तुम्ही विचाराल, की ह्या गोष्टीचा आणि इंग्रजी शब्द शिकण्याचा संबंध काय? तो संबंध मला माझ्याच एका चुकीमुळे कळला. ती चूक मी तुम्हांला प्रांजळपणे सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत असे. माझे विद्यार्थी मराठी माध्यमातले होते. पुढे महाविद्यालयात गेल्यावर इंग्रजीवाचून त्यांचे अडेल, ही चिंता मला रात्रंदिवस लागलेली असे. म्हणून मी अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या तयार केल्या. डाव्या बाजूला शब्द आणि उजव्या बाजूला त्याचा एक मराठी अर्थ. रोज वीस शब्द पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचे, असा नेम घालून दिला. डोंबिवलीहून येणारा एक मुलगा ह्या कामात सर्वांच्या पुढे होता. तो वीसच्या जागी पन्नास शब्द पाठ करी. गाडीच्या गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हातातली यादी तो घोकत असे. मला त्याचे मोठे कौतुक वाटे.

एके दिवशी मी वर्गात ह्या कादंबरीतील कल्याणचा उतारा वाचावयास घेतला. आपल्या गावाचे नाव ऐकून मुले हरखून गेली. पुढच्या वाक्यात गाडी डोंगरांच्या ‘डिफाइल’मध्ये शिरते, असे वर्णन होते. मी त्या मुलाला अर्थ विचारला. त्याने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, “डिफाइल म्हणजे विटाळणे. गाडी डोंगरांच्या विटाळात शिरली.”

सारा वर्ग खो खो हसू लागला. तो मुलगा खाली बसला आणि त्याने मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने याद्यांची वही माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि तो हळूच म्हणाला, “सर, इंग्रजी माझ्या नशिबात नाही.”

मी ती वही उघडून पाहिली. ‘डिफाइल’ ह्या शब्दापुढे ‘विटाळणे, अपवित्र करणे’ असाच अर्थ लिहिलेला होता आणि तो मीच लिहून दिलेला होता. मुलाने काहीही चुकीचे पाठ केले नव्हते. चूक माझी होती. मी त्याला शब्द दिले, परंतु ते शब्द राहतात कोठे, हे दाखविले नाही.

त्या दिवसापासून मी याद्या बंद केल्या. त्याच एका लहानशा उताऱ्यातून शब्द कसे शिकावेत, हे आम्ही सर्वांनी मिळून ठरविले. आमची रीत मी तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की कोश उघडण्यापूर्वी सबंध उतारा एकदा वाचावा आणि अडलेल्या शब्दाचा तर्क करावा. गाडी आपल्या ओळखीच्या वाटेने चालली आहे, कल्याण मागे पडले आहे आणि आता ती डोंगरांच्या कशात तरी शिरत आहे. डोंगरांत गाडी कशात शिरेल? खिंडीत, घाटात किंवा बोगद्यात. ‘विटाळ’ हा अर्थ येथे बसत नाही, हे कोशाच्या मदतीवाचूनही कळते.

दुसरी गोष्ट अशी, की तर्क केल्यावर कोश जरूर उघडावा, आणि त्यातील पहिलाच अर्थ पाहून तो मिटू नये. ‘डिफाइल’ ह्या एकाच लेखनाचे इंग्रजीत दोन निरनिराळे शब्द आहेत. एकाचा अर्थ विटाळणे असा आहे. दुसरा फ्रेंच भाषेतून आला असून त्याच्या पोटात ‘फाइल’ म्हणजे रांग हा शब्द आहे. ज्या चिंचोळ्या वाटेने सैन्याला एकामागून एक अशा रांगेनेच जावे लागते, ती वाट म्हणजे ‘डिफाइल’. आपण तिला खिंड म्हणतो. आपल्या भाषेत असे शब्द नाहीत काय? ‘मान’ म्हणजे शरीराचा एक अवयव आणि ‘मान’ म्हणजे सन्मानही. “पाहुण्यांना मान दिला” ह्या वाक्यात कोणी मान कापून दिली असे आपण समजत नाही, कारण वाक्यच आपल्याला योग्य अर्थाकडे घेऊन जाते.

गंमत अशी, की दुसऱ्या ‘डिफाइल’लाही ह्या कादंबरीत जागा मिळू शकते. मुंबईत असताना फॉगचा नोकर पासपार्तू मलबार टेकडीवरील देवळात पायांतील जोडे न काढताच शिरतो. पुजारी त्याच्यावर तुटून पडतात आणि तो जोडे तेथेच टाकून अनवाणी पळत सुटतो. त्याने नकळत देऊळ विटाळले, हे सांगण्यासाठी तो शब्द अगदी योग्य ठरेल. एक शब्द देवळाजवळ ठेवावा आणि दुसरा घाटात ठेवावा, म्हणजे दोघांची गल्लत कधीच होणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे शब्दाचे कूळ शोधणे. त्या उताऱ्यात साष्टीजवळच्या पुलांना ‘व्हायाडक्ट’ असे म्हटले आहे. हा शब्द लॅटिन भाषेतील दोन शब्दांपासून बनला आहे. ‘व्हिया’ म्हणजे वाट आणि ‘डक्ट’ हा भाग ज्यापासून आला, त्या क्रियापदाचा अर्थ नेणे. वाटेला दरीवरून किंवा सखल भागावरून पलीकडे नेणारा, अनेक कमानींचा लांब पूल तो ‘व्हायाडक्ट’. हे कळले, की ‘अ‍ॅक्वाडक्ट’ हा शब्द कोणी न सांगताही उलगडतो. ‘अ‍ॅक्वा’ म्हणजे पाणी, तेव्हा पाणी वाहून नेणारे बांधकाम ते ‘अ‍ॅक्वाडक्ट’. एक शब्द शिकावा आणि दुसरा आपण होऊन घरी यावा, असा हा लाभ आहे.

‘जंक्शन’ हा शब्द तर तुम्ही जन्मापासून ऐकत आला आहात. दोन मार्ग जेथे एकमेकांस मिळतात, ते जंक्शन. लॅटिन भाषेतील ‘जोडणे’ ह्या अर्थाच्या एका क्रियापदापासून हा शब्द आला. आता आश्चर्याची गोष्ट पाहा. त्या लॅटिन क्रियापदाचे आणि आपल्या संस्कृत भाषेतील ‘युज्’ ह्या धातूचे मूळ एकच आहे. ‘युज्’ पासून योग, संयोग, युग्म हे शब्द झाले, आणि बैलांच्या मानेवर ठेवतात ते ‘जू’ही त्याच कुळातले. शेतकऱ्याचे जू दोन बैलांना जोडते आणि कल्याणचे जंक्शन दोन लोहमार्गांना जोडते. इंग्रजी ही भाषा परकी असली, तरी तिच्या काही शब्दांशी आपले दूरचे नाते आहे, हे अशा वेळी ध्यानात येते आणि तिची भीती पुष्कळ कमी होते.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इंग्रजी शब्दाचा अर्थ कळल्यावर त्याच्या तोडीचा मराठी शब्द शोधावा आणि तो तागडीत घालून तोलून पाहावा. त्याच उताऱ्यात डोंगरांवरील अरण्यांना ‘व्हर्डंट’ असे विशेषण लावलेले आहे. त्याचा अर्थ हिरवा असा आहे. मग ‘ग्रीन’ आणि ‘व्हर्डंट’ ह्यांत भेद काय? हिरव्या पाटीला किंवा हिरव्या लुगड्याला कोणी ‘व्हर्डंट’ म्हणत नाही. झाडाझुडपांनी, गवताने आणि पिकांनी जी भूमी भरून गेली आहे, तिलाच तो शब्द शोभतो. म्हणजे आपला ‘हिरवागार’ हा शब्द त्याच्या अधिक जवळचा झाला.

फॉगच्या वर्णनात ‘टॅसिटर्न’ असा एक शब्द आहे. ह्याचा अर्थ थोडे बोलणारा. मी वर्गाला मराठी शब्द विचारले, तेव्हा मुलांनी चार शब्द सांगितले : मितभाषी, अबोल, घुमा आणि मुखदुर्बळ. मग आम्ही एकेक शब्द तपासला. मुखदुर्बळ माणसाला बोलावेसे वाटते, पण धीर होत नाही. फॉग तसा नाही. घुमा म्हणण्यात थोडी निंदा आहे. मितभाषी म्हणण्यात प्रशंसा आहे. अबोल ह्या शब्दात निंदाही नाही आणि स्तुतीही नाही. फॉग मोजकेच बोलतो आणि त्यामुळे तो लोकांना गूढ वाटतो. तेव्हा ‘अबोल’ हाच शब्द येथे बरा, असे बहुतेकांचे मत पडले. एका मुलीने मात्र ‘मितभाषी’ ह्या शब्दाची बाजू अखेरपर्यंत सोडली नाही. मी कोणालाच चूक म्हटले नाही, कारण त्या अर्ध्या तासात एका इंग्रजी शब्दाच्या निमित्ताने चार मराठी शब्द आमच्या हाती उजळून आले होते.

ह्यावरून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. ज्याचे मराठीचे भांडार भरलेले आहे, त्यालाच इंग्रजी शब्द नेमका कळतो. ज्याच्याजवळ ‘न बोलणारा’ एवढाच एक शब्द आहे, त्याला ‘टॅसिटर्न’ ह्या शब्दाची छटा कळणार तरी कशी? मोल्सवर्थ आणि कँडी ह्या विद्वानांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द दिलेले आढळतात. परभाषेतून आलेल्या त्या कोशकारांनाही एका शब्दावर भागविता आले नाही. मग आपण तरी एका अर्थावर समाधान का मानावे?

आता पुन्हा त्या मुलाकडे वळू. श्रावण महिन्यात आमची सहल कल्याणहून इगतपुरीस गेली. मी त्या मुलाला मुद्दाम खिडकीजवळ बसविले. कसारा मागे पडले आणि गाडी घाट चढू लागली. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या ओल्या भिंती उभ्या राहिल्या. हा काळा कातळ म्हणजेच उताऱ्यातील ‘बेसॉल्ट’. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर थंड होऊन तो बनला आणि त्याच दगडाने आपला सह्याद्री घडला. वर पाहिले तर माथ्यापर्यंत दाट झाडी आणि तिच्यावर उतरलेले ढग. तो मुलगा पुष्कळ वेळ बाहेर पाहत होता. मग एकाएकी माझ्याकडे वळून तो म्हणाला, “सर, डिफाइल. आणि वरचे व्हर्डंट.”

ह्या वेळी कोणी हसले नाही. सगळी मुले खिडकीशी गर्दी करून ती खिंड पाहू लागली. परतल्यावर त्याने आपली वही माझ्याकडून मागून घेतली. त्याने नवी पाने घेतली आणि प्रत्येक शब्दासमोर तो शब्द कोठे भेटला, कोणाविषयी आला होता आणि त्याच्या तोडीचे मराठी शब्द कोणते, हे लिहावयास आरंभ केला. तो दिवसाला दोन किंवा तीनच शब्द लिही, परंतु ते शब्द त्याचे स्वतःचे झालेले असत. शेवटी तो प्रत्येक शब्द आपल्या स्वतःच्या एका वाक्यात वापरून पाही. वापरल्यावाचून शब्द पक्का होत नाही, हा त्याच्या वहीतील पाचवा नियम होता आणि तो त्याने स्वतःच घातलेला होता.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे मला अवश्य वाटते. कादंबरी वाचून शब्द शिकावेत. तिच्यातील प्रत्येक गोष्ट मात्र खरी मानू नये. व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. कादंबरीत कलकत्त्याकडे जाणारा लोहमार्ग मध्येच अपुरा असतो आणि फॉगला मोठी किंमत देऊन हत्ती विकत घ्यावा लागतो. कथा १८७२ मधली आहे, आणि मुंबईहून कलकत्त्यापर्यंतचा लोहमार्ग प्रत्यक्षात १८७० मध्येच जोडला गेला होता! शिवाय आपल्या देशातील माणसे आणि चालीरीती लेखकाने परक्याच्या नजरेने पाहिल्या आहेत. त्या वाचताना आपली विवेकबुद्धी जागी ठेवावी.

फॉगने पैज जिंकली की हरली, हे मी सांगणार नाही. ते तुम्ही वाचून शोधावे. एवढी खूण मात्र सांगतो, की शेवटच्या प्रकरणात ‘मेरिडियन’ असा एक शब्द येतो. घड्याळात वेळेपुढे जी ‘ए. एम.’ आणि ‘पी. एम.’ ही अक्षरे दिसतात, त्यांतील ‘एम’ ह्या अक्षराचे कूळही तेच आहे आणि त्याचा संबंध माध्यान्हीच्या सूर्याशी आहे. पृथ्वीवरील रेखावृत्ते आणि आपली घड्याळे ह्यांचा मेळ ज्याला कळला, त्याला पैजेचे रहस्य कळले.

अशी पुस्तके मिळण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये स्थापन झाले, म्हणजे ते ह्या कादंबरीहूनही वयाने मोठे आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. वाचनालयात जावे आणि ही कादंबरी किंवा आपल्या आवडीची दुसरी एखादी जुनी कादंबरी मागावी. घाई करू नये.

फिलिअस फॉगला पृथ्वी पाहावयाची नव्हती, केवळ वेळ गाठावयाची होती. म्हणून तो सह्याद्रीतून गेला खरा, पण त्याने सह्याद्री पाहिला असे म्हणता येत नाही. रोज पन्नास शब्द घोकणाऱ्याचेही तसेच होते. तुम्ही मात्र खिडकीजवळ बसा आणि बाहेर पाहत पाहत चला.